शून्य चार

"साहेब, आज फोन करा," दौलत म्हणाला. "झड लय हाये. वरतून काईच दिसत नाई म्हणते खांबेटे साहेब."

मी चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. "तुले चिठ्ठी न्याले ठेवलं का मले अक्कल शिकवाले?"

दौलत मेश्राम आमचा शिपाई. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा. माझं हे बोलणं त्याला लागलं असणार. चिठ्ठीकडे पाहत, ओठ हलवत तो टॉवरचा जिना चढू लागला. बेचाळीस पायऱ्या होत्या.

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. १९६६ सालचा श्रावण. वऱ्हाडातलं मोझरखेड विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक टॉवर, पत्र्याचं एक गोदाम आणि चहूबाजूंनी कपाशी. आठवड्यातून तीनदा मुंबईहून एका खासगी कंपनीचं मालवाहू डाकोटा विमान यायचं. त्यात वर्तमानपत्रांचे गठ्ठे, औषधं, यंत्रांचे सुटे भाग असत. त्या दिवशी नव्या कुक्कुटपालन केंद्रासाठी एक दिवसाच्या पिल्लांची खोकी होती. चार हजार पिल्लं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. हवामान निरीक्षक, तुळशीराम बोंडे. माझी खोली खाली, टॉवर वर, आणि मध्ये एक फोन. हवेचा दाब वाचायचा आणि फोनवर वर सांगायचा. वरच्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा, मग मी 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच तो आकडा रेडिओवरून विमानाला जायचा. वैमानिक त्या आकड्यावर आपलं उंचीचं घड्याळ लावतो. आकडा एकाने चुकला तर घड्याळ सुमारे अठ्ठावीस फुटांनी खोटं बोलतं. स्वच्छ आभाळात त्याने काही बिघडत नाही, वैमानिकाला जमीन दिसत असते. झडीत त्याच्याजवळ फक्त ते घड्याळ असतं. त्या एका 'बरोबर'साठीच तो फोन बसवलेला होता.

आणि साडेतीन महिने मी त्या फोनला हात लावला नव्हता.

वर टॉवरमध्ये अच्युत खांबेटे बसायचा. दादरचा. माझ्याच वयाचा, उंच, गोरा, शर्टाच्या बाह्यांना कडक घडी. इंग्रजी असं बोलायचा की ऐकणाऱ्याला आपले कपडे मळलेत असं वाटावं. हुशार होता, हे मी नाकारत नाही. पण त्याची हुशारी नेहमी कुणाच्या तरी खांद्यावर पाय देऊन उभी असायची, आणि मोझरखेडात तो खांदा माझा होता.

वैशाखात मुंबईहून दोन पाहुणे टॉवर बघायला आले होते. मी खालून फोन केला. पश्चिमेला धुळीचं वादळ उठलं होतं, म्हणून घाईत तोंडातून घरची बोली निघून गेली. "इकडचं काईच दिसून नाई रायलं," म्हणालो. मग खांबेटेचा आवाज आला, जरा लांबून, कारण त्याने रिसीव्हर सगळ्यांना ऐकू जावा म्हणून हवेत धरला होता.

"बोंडे, पुन्हा म्हणा. 'दिसून नाई रायलं' हे वैमानिकाला इंग्रजीत कसं सांगायचं, ते या साहेबांना विचारतोय."

वर तिघं हसले. मी खाली एकटा उभा होतो आणि ते हसू माझ्या कानात ओतलं जात होतं. मी फोन आपटला, तडक शेवडे साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "याच्याशी पुन्हा एक शब्द बोललो तर बापाचं नाव लावणार नाही."

शेवडे साहेब विमानतळाचे प्रमुख. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. "जावाजावांसारखं भांडू नका हो," एवढं म्हणून त्यांनी फाईल पुढे ओढली. त्यांना वाटलं, चार दिवसांत निवळेल.

निवळलं नाही. मी आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दौलतच्या हाती वर पाठवू लागलो. खांबेटेही हट्टी. त्यानेही फोन केला नाही. चहाच्या वेळी आम्ही तिघं एका टेबलाशी बसायचो आणि तो दौलतला म्हणायचा, "त्यांना सांगा, ढगांची उंची काल उशिरा आली." मी समोरच बसलेला. मी म्हणायचो, "त्याले सांग, ढगच उशिरा आले." दौलत बिचारा इकडे बघायचा, तिकडे बघायचा, आणि बशीतला चहा फुंकत राहायचा.

एकदा खांबेटेने माझी चिठ्ठी परत पाठवली. सातावर लाल पेन्सिलीने गोल काढून बाजूला लिहिलं होतं, 'हा एक आहे का?' मी गावच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस. इंग्रजी आकडे हाताला फार उशिरा लागले, ते तसे वेडेवाकडेच यायचे. त्या लाल गोलाने माझं पित्त खवळलं. दुसऱ्या दिवसापासून मी मराठी आकडे लिहू लागलो. वाच म्हटलं आता. वाचता न आलं तर फोन कर, आणि विचार मला, मग बघतो.

त्याने विचारलं नाही. मराठी माणूस होता, वाचता येणारच. मग मी त्यातही गंमत काढली. एक दिवस मराठी लिहायचं, दोन दिवस इंग्रजी, पुन्हा मराठी. काही नेम ठेवायचा नाही. त्याने प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचावी आणि दोनदा वाचताना त्याला मी आठवावा, एवढाच हेतू होता. त्या काळात मला यात फार आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू.

तर त्या सकाळी दाब उतरला होता. नळीतला पारा एक हजार चारवर होता. पहिले दोन आकडे सगळ्यांना माहीत असतात, म्हणून चिठ्ठीवर शेवटचे दोनच लिहायचे. मी ते लिहिले, रजिस्टरमध्येही नोंद केली आणि दौलत वर गेला.

दहा मिनिटांनी विमानाचा आवाज आला. डाकोटाची घरघर मला पाठ होती. ढग इतके खाली होते की टॉवरचं टोक त्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. आवाज वळसा घालून पूर्वेकडून, भिवाच्या बरडाकडून येत होता. बरड म्हणजे मुरमाड उंचवटा, धावपट्टीच्या दोन मैल अलीकडे. त्यावर चार-पाच जुने कडुनिंब होते. विमानं त्यांच्यावरून शंभर-सव्वाशे फूट उंचीने यायची.

घरघर वाढली, मग एकदम चिरकली. त्यानंतर सुकं लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि जमीन हलली.

खांबेटे जिन्यावरून धडधडत उतरला. माझ्या समोरून गेला, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवडे साहेब, तो आणि दौलत जीपमध्ये चढले. शेवडे साहेब मला ओरडून म्हणाले, "बोंडे, वर जा! फोनवर बसा! इस्पितळाला कळवा!"

मी वर गेलो. इस्पितळाला फोन केला, पोलिसांना केला. मग टेबलावर पाहिलं. खांबेटेच्या वहीत त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात नोंद होती, विमानाला दिलेला दाब, एक हजार आठ.

मी ती नोंद तीनदा वाचली. मग तारेत खोचलेल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. सगळ्यांत वर माझी आजची होती. मी ती काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

दुपारी मी बरडावर गेलो. सहवैमानिक आणि रेडिओवाला लोबो जागच्या जागी गेले होते. कॅप्टन पेडणेकरांना दोन्ही पाय मोडलेल्या अवस्थेत नागपूरला हलवलं होतं. एका कडुनिंबाचा शेंडा उडाला होता आणि खालच्या शेतात विमान पोटावर पडलं होतं. खोकी फुटली होती. ओल्या कपाशीच्या ओळींमधून पिवळी पिल्लं धावत होती, शेकडो. गावातल्या बाया ती पदरात गोळा करत होत्या. त्यांच्यात खांबेटे होता. चिखलात गुडघे टेकून तो एकेक पिल्लू उचलत होता, फुटक्या खोक्यात ठेवत होता, आणि खोकं दुसऱ्या बाजूने उघडं असल्यामुळे ते पिल्लू पुन्हा बाहेर पडत होतं. त्याच्या ते लक्षात येत नव्हतं. बाह्यांची घडी सुटली होती.

मला त्याची दया आली नाही. मनात आलं, आता कळेल.

बाराव्या दिवशी चौकशी बसली. अधिकारी वरदन नावाचे, मद्रासकडचे. शांत माणूस, हळू बोलणारा. मराठी येत नव्हतं म्हणून दुभाष्याचं काम शेवडे साहेबांकडे. साक्षीदार एकेक करून आत बोलावले जात. मला रजिस्टरसकट आतच बसवून ठेवलं होतं.

कॅप्टन पेडणेकरांचा जबाब नागपूरहून लिहून आला होता. त्यात होतं, 'मला एक हजार आठ सांगितलं, मी ते परत म्हणून दाखवलं, घड्याळाप्रमाणे मी झाडांच्या बराच वर होतो.' खांबेटेने ते मान्य केलं. "होय, मी आठ सांगितलं. चिठ्ठीवर आठ होता," तो म्हणाला. माझ्या रजिस्टरमध्ये चार होता. चिठ्ठी कुठे आहे, असं वरदन साहेबांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. धावपळीत उडाली असेल, असं शेवडे साहेब म्हणाले.

म्हणजे सगळं एवढ्यावर येऊन थांबलं. चिठ्ठीवर आठ असेल तर चूक माझी, चार असेल तर खांबेटेची. दोन माणसं मेली होती. ज्याची चूक ठरेल त्याची नोकरी जाणार आणि नाव कायमचं खराब होणार. खांबेटेचे वडील वारलेले, दादरला आई आणि तीन धाकटी भावंडं, हे मला माहीत होतं. दौलतनेच सांगितलं होतं.

वरदन साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही चिठ्ठीवर आकडा कसा लिहिला?"

"नेहमीसारखाच, सर," मी म्हणालो.

फोन का केला नाही, हा प्रश्न यायला हवा होता. पण शेवडे साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवसांत फोन खराब होता. साडेतीन महिने त्यांनी हे चालू दिलं, हे बाहेर आलं असतं तर त्यांचं निवृत्तिवेतन धोक्यात होतं. मी मान हलवली. खांबेटेनेही हलवली होती. त्या अबोल्यात तोही निम्म्याचा भागीदार होता.

शेवटी दौलतला बोलावलं. तो धुतलेला गणवेश घालून आला होता. टोपी हातात.

"चिठ्ठी तू नेलीस. तिच्यावर काय होतं, ते तुला माहीत आहे का?" शेवडे साहेबांनी विचारलं.

"मालूम हाये, साहेब," दौलत म्हणाला. "मले इंग्रजी येत नाई. एक अक्षर नाई का एक आकडा नाई. पण प्रौढ वर्गात म्या आपले मराठी आकडे शिकलो. तवापासून जिना चढता चढता वाचतो. इंग्रजीत असलं तर तसाच मुका जातो. त्या दिवशी वाचलं. शून्य, चार. माह्या पोरीची आन."

शेवडे साहेब वरदन साहेबांकडे वळले. मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "हा म्हणतो, चार होता. त्याने स्वतः वाचला. शपथेवर सांगतो."

वरदन साहेबांनी ते लिहून घेतलं.

दौलतने भर चौकशीत सगळं सांगून टाकलं होतं. ज्याला इंग्रजी आकडा येत नाही त्याने वाचला, म्हणजे तो आकडा मराठी होता. शून्य तर दोन्हीकडे सारखंच. आणि माझा मराठी चार मी त्या दिवशी रागारागाने असा लिहिला होता की वरची दोन टोकं एकमेकांना भिडली होती. आदल्या दोन्ही दिवशी मी इंग्रजी लिहिलं होतं. खांबेटेने इंग्रजी समजून वाचलं आणि त्याला आठ दिसला. दिसणारच. तोही खरं बोलत होता, दौलतही खरं बोलत होता. खोटा त्या खोलीत मी होतो, आणि माझं त्या घडीला एक वाक्य पुरलं असतं.

शेवडे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

मी रजिस्टर मिटलं.

महिन्याभरात निकाल आला. खांबेटे बडतर्फ.

तो गेला त्या दिवशी सकाळच्या यष्टीने. मी स्टँडवर का गेलो होतो? टपालाला गेलो होतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्याला जाताना बघायचं होतं. दौलत त्याची ट्रंक घेऊन आला होता. ट्रंक टपावर चढवायला तो गेला तसा खांबेटे बाकावरून उठला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो थेट माझ्याशी बोलत होता.

"बोंडे, मी भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "त्या पाहुण्यांसमोर मी तुमच्याशी वागलो, ते नीचपणाचं होतं. त्याची माफी मागतो. आता एकच सांगा. तो आठ होता ना?"

मी यष्टीच्या टपाकडे पाहिलं.

"नोकरी परत मागत नाही. कुणाला सांगणार नाही, आईची शपथ. डोळे मिटले की ती चिठ्ठी दिसते आणि तिच्यावर आठच असतो. दौलत खोटं बोलणार नाही, तो चार म्हणतो. मग माझ्या डोळ्यांना झालंय काय? मी माझ्या हाताने दोन माणसं मारली का, एवढंच सांगा. हो म्हणा नाही तर नाही म्हणा."

चिठ्ठी माझ्याजवळ होती. त्याच खिशात, बटणाखाली. जाळायला धीर झाला नव्हता. ती काढून त्याच्या हातात ठेवायला कितीसा वेळ लागला असता?

मला त्याचं रिसीव्हर हवेत धरणं आठवलं. मी बापाच्या नावाने शपथ घेतली होती. ती मी पाळली.

वाहकाने घंटी दिली. खांबेटे अजून थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग "बरं," म्हणाला आणि गाडीत चढला.

दौलत आणि मी पायी परत निघालो. ऊन पडलं होतं. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "साहेब, म्या चार सांगितलं म्हणून त्याइची नोकरी गेली, नाई का?"

"तू खरं तेच सांगितलं."

"व्हय. खरं सांगितलं." तो दहा पावलं चालला आणि उभा राहिला. "पण साहेब, म्या वाचलं कसं? मले तं इंग्रजी येत नाई."

मी चालत राहिलो. मागे त्याची पावलं वाजेनात. वळून पाहिलं तर तो रस्त्याच्या मध्ये टोपी हातात घेऊन उभा होता, चौकशीला उभा होता तसा. ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाब वाचला आणि चिठ्ठी लिहिली. इंग्रजी आकड्यात, शाळकरी पोरासारखी कोरून कोरून. ती दौलतपुढे धरली. त्याने घेतली, पाहिली, आणि माझ्या टेबलावर फोनच्या बाजूला ठेवली.

"चिठ्ठी नाई नेत म्या," तो म्हणाला. "फोन हाये, साहेब. बोला."

आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसला. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकाच विमानतळावर काढली. कामापुरतं बोलायचा. माझ्या हातचा कागद मात्र त्याने पुन्हा कधी घेतला नाही.

मी फोन उचलला. वर नवा माणूस आला होता, नावही मला धड माहीत नव्हतं.

"शून्य सहा," मी म्हणालो.

"शून्य सहा?" त्याने विचारलं.

पलीकडे तो वाट बघत होता, दारात दौलत पाठ करून बसला होता.

"बरोबर," मी म्हणालो.